टोपणनाव लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा प्रचाराचा मसुदा वाचला. भाषा सफाईदार आहे. समोरच्या उमेदवाराला तू जे टोपणनाव दिलं आहेस ते ऐकताक्षणी लोकांच्या तोंडी बसेल, यातही मला शंका नाही. तरी ते काढून टाक, असंच मी सांगणार आहे. सभ्यता हे कारण आहेच, पण प्रचाराच्या धामधुमीत सभ्यतेचा सल्ला कोणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्या कामाच्या हिशेबानेच बोलतो.

अशी नावं चालतात, हे आधी मान्य करू. 2015 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीतले आपले प्रतिस्पर्धी जेब बुश यांना ‘लो एनर्जी’, म्हणजे दम नसलेला, म्हणायला सुरुवात केली आणि ते त्यांना असं चिकटलं की पुढे त्यांचं प्रत्येक भाषण लोक त्याच नजरेने पाहू लागले. फेब्रुवारी 2016 मध्ये बुश शर्यतीतून बाहेर पडले. त्यामागे इतर कारणंही होती, पण त्या दोन शब्दांनी काम केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तुला हाच नमुना दिसतो आहे. मला त्याशेजारी दुसरा ठेवायचा आहे.

1840 ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक नीट अभ्यास. व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन वयस्कर होते. सत्ताधारी डेमोक्रॅट्सच्या बाजूच्या बाल्टिमोरमधल्या एका वृत्तपत्राने त्यांची खिल्ली उडवली: यांना पिंपभर हार्ड सायडर द्या, वर्षाला दोन हजार डॉलरचं निवृत्तिवेतन बांधून द्या, ओंडक्यांच्या खोपटात बसून ते उरलेले दिवस काढतील. हार्ड सायडर म्हणजे सफरचंदाची साधीसुधी दारू. व्हिगांनी खुलासे केले नाहीत. त्यांनी ते खोपट आणि ते पिंप उचलून मिरवणुकीत आणलं. खरोखरच तशा घरांत राहणाऱ्या मतदारांना वाटलं, हा आपल्यातला माणूस, आणि याला हसणारे आपल्यालाही हसत आहेत.

आता वस्तुस्थिती पाहा. हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या मळेवाल्या घराण्यात जन्मले होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांच्या वडिलांची सही आहे. उलट ज्यांना त्या प्रचारात ऐषारामी म्हणून रंगवलं गेलं ते अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन एका गावातल्या पांथशाळा चालवणाऱ्याचे चिरंजीव. हॅरिसन यांची श्रीमंती लोकांपुढे मांडणं डेमोक्रॅट्सना सहज शक्य होतं. त्याऐवजी त्यांच्याच बाजूने प्रतिस्पर्ध्याला गरिबाचं घर बांधून दिलं! निवडणूक हॅरिसन यांनी जिंकली: अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची 234 मतं त्यांना, 60 व्हॅन ब्युरेन यांना.

टोपणनाव उमेदवारावर फेकलं जातं, पण त्याच्यासारखे जगणारे, दिसणारे, बोलणारे जे असतात त्या सगळ्यांना ते लागतं. सप्टेंबर 2016 मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांनी तर मधला उमेदवारच गाळला आणि ट्रम्प समर्थकांपैकी निम्म्यांना सरळ ‘डिप्लोरेबल्स’च्या, म्हणजे निंदनीय लोकांच्या, टोपलीत घातलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ‘निम्मे’ म्हटल्याबद्दल खेद व्यक्त केला, पण समर्थकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून मिरवला. ज्यांचं मत वळवायचं त्यांचाच अपमान केल्यावर वळवायला उरतं कोण?

दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो: नाव ठेवणाऱ्याचाच त्या नावावर विश्वास बसतो. राममनोहर लोहियांनी इंदिरा गांधींना ‘गूंगी गुडिया’, म्हणजे मुकी बाहुली, म्हटलं. विरोधकांचं सोड, खुद्द काँग्रेसमधल्या ज्येष्ठांचाही समज असाच होता की ही बाई आपल्या मुठीत राहील. 1969 मध्ये पक्ष फुटला आणि 1971 मध्ये त्यांनी लोकसभेच्या 352 जागा जिंकल्या. चेष्टेत अडकलेल्यांना समोरच्या माणसाची तयारी दिसलीच नव्हती. तुझ्या मसुद्यातही मला हेच खटकलं. नाव सापडल्यावर तू पुढचा शोध थांबवलास. त्या उमेदवाराने पाच वर्षांत काय केलं, यावर एक ओळ नाही.

त्या ‘गूंगी’ शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. न बोलू शकणाऱ्या माणसाचं दुःख तिथे शिवी म्हणून वापरलं गेलं. असे शब्द आजही भाषणांत सर्रास येतात. डिसेंबर 2023 मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाला राजकीय पक्षांना लेखी सांगावं लागलं, की मुका, आंधळा, लंगडा, वेडा असे शब्द प्रचारात वापरू नका. हे सांगावं लागतं याची मला लाज वाटते. आणि माणसाला किडा किंवा जनावर म्हणणारा शब्द तर तुझ्या टेबलावरून पुढे जाताच कामा नये, मग तो कोणीही सुचवलेला असो. रवांडात 1994 मध्ये रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हटलं जात होतं, आणि त्या वर्षी लाखो माणसं मारली गेली.

मग टीका करायचीच नाही का? कर, कडक कर. आदर्श आचारसंहितेतलं पहिलंच प्रकरण वाच: टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांच्यापुरती ठेवा, असं तिथे म्हटलं आहे. लोक याला बंधन समजतात. मला तो लेखनाचा उत्तम सल्ला वाटतो. समोरच्याने कोणतं आश्वासन कधी दिलं, सभागृहात कोणत्या बाजूने मत दिलं, निधी कुठे गेला, हे तारखेसह लिही. त्याचा जन्म, शरीर, उच्चार, पोटापाण्याचा धंदा, घरची माणसं यांना हात लावू नकोस. कामावरून ठेवलेलं नावही तपासून घे. व्हॅन ब्युरेन यांच्या आडनावाची मोडतोड करून त्यांना ‘व्हॅन रुइन’, म्हणजे सत्यानाश करणारा, म्हणत. पण 1837 ची मंदी त्यांनी पद घेतल्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत कोसळली होती. इतक्या थोड्या काळात तिचं सगळं पाप एका माणसाच्या माथी मारणं अन्यायाचंच होतं.

उद्या तुमच्या उमेदवारालाही कोणी नाव ठेवेल. ‘आम्ही तसे नाही’ असं सांगत फिरू नका. प्रत्येक खुलाशात तेच नाव पुन्हा उच्चारलं जातं. त्यात एखाद्या कष्टाच्या कामाची किंवा साधेपणाची हेटाळणी असेल तर ते सरळ स्वीकारा. बाकीच्यांना उत्तर न देता आपला मुद्दा पुढे न्या. मात्र खोटा आरोप असेल तर गोष्ट वेगळी. त्याला कागद दाखवून, एकदाच आणि स्पष्ट उत्तर द्या.

मसुद्यातला पहिला आणि चौथा परिच्छेद तसाच राहू दे, चांगले आहेत. टोपणनावाच्या जागी त्या उमेदवाराच्या मागच्या जाहीरनाम्यातली तीन आश्वासनं आणि त्यांचं पुढे काय झालं ते घाल. कागदपत्रं मिळायला अडचण आली तर मला फोन कर; कुठे मागायची ते सांगतो.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता