‘जगिक’ की ‘सांसारिक’?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी एक छोटी पुस्तिका तयार करते आहे. तिच्यात ‘ख्रिस्ती जीवन आणि जगिक जीवन’ असा एक पाठ आहे. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी ‘जगिक’ खोडून ‘सांसारिक’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘जगिक असा शब्द मराठीत नाही.’ सासूबाईंनी तो पाठ वाचला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे चाळीस वर्षं मी केला तो संसार पाप का गं?’ पण मराठी बायबलातही ‘संसाराविषयीची फुशारकी’ असे शब्द आहेतच. मग बरोबर काय?

उत्तर : सासूबाईंच्या प्रश्नात खरी मेख आहे, म्हणून तो सावकाश घेऊ. आधी ‘जगिक’ उरकतो.

संस्कृतात ‘जगत्’पासून रीतसर विशेषण होतं ‘जागतिक’. ते मराठीत आहेच, पण जागतिक बँकेनं आणि जागतिक तापमानवाढीनं ते कधीच अडवून ठेवलंय. ‘जागतिक जीवन’ म्हटलं तर कोणाला पाप आठवणार नाही, विमानतळ आठवेल. ‘लोक’चं ‘लौकिक’ झालं, पण मराठीत लौकिक म्हणजे नावलौकिक. घराण्याचा लौकिक वाढवायचा असतो, टाकायचा नसतो. ‘इह’चं ‘ऐहिक’ त्यातल्या त्यात जवळचं, पण इहवाद, ऐहिक दृष्टी हे शब्द महाराष्ट्रातल्या सुधारकी लिखाणात चांगल्या अर्थानं रुळलेत. शिवाय ऐहिकाच्या समोर पारलौकिक उभं राहतं आणि बोलणं मेल्यानंतरच्या हिशेबावर जातं. तुमचा पाठ सोमवार ते शनिवार कसं वागायचं याचा आहे.

एवढ्या जागा भरलेल्या असताना ख्रिस्ती मंडळींनी साध्या मराठी ‘जग’ला ‘इक’ लावून काम चालवलं. आद्यस्वराची वृद्धी झाली नाही, म्हणजे ‘ज’चा ‘जा’ झाला नाही, ही तक्रार असेल, तर धनिक, रसिक, श्रमिक, पथिक यांचीही झालेली नाही आणि त्यांना कोणी खोडत नाही. शब्द छापील कोशात नसेल, पण प्रवचनात, प्रार्थनेत, साक्ष देताना माणसं तो सर्रास वापरतात आणि ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो. शब्दाला याहून वेगळा दाखला लागत नाही. तेव्हा ‘जगिक’ ठेवा.

आता ‘सांसारिक’. हा बदल करणाऱ्या गृहस्थांच्या कानात बहुधा हिंदी असावी. हिंदीत संसार म्हणजे जग. ‘जगावर प्रीती करू नका’ हे योहानाचं वाक्य हिंदी बायबलात ‘संसार’ शब्दानंच येतं, आणि तिथे ते चोख आहे. हिंदी भक्तिगीतं आणि हिंदी वक्ते आपल्या तरुण संघांत भरपूर असतात, त्यांच्याबरोबर शब्दही येतो. लिपी एक असल्यामुळे तो पाहुणा आहे हे ध्यानात येत नाही.

मराठीत मात्र संसार घरात शिरला. मुळात सम् अधिक सृ, म्हणजे सरकत राहणं, वाहत राहणं. त्यावरून जन्ममरणाचा फेरा. त्या फेऱ्यातून आपण तो शब्द उचलला आणि ओट्यावर, मांडणीवर, डब्यांच्या उतरंडीवर आणून ठेवला. संसार थाटतात, संसाराला लागतात, नेटानं करतात. पूर आला की बातमीत ‘अनेकांचे संसार उघड्यावर’ आलेले असतात आणि मदतीच्या ट्रकमधून ‘संसारोपयोगी साहित्य’ येतं : पातेली, चादरी, बादल्या. पोरी खेळतात तो भातुकलीचा संसार. सासूबाईंच्या मनात हाच संसार होता, आणि तो पाप असं कुठल्याही मराठी माणसाला म्हणवणार नाही.

जुना अर्थ मेला मात्र नाही. ‘संसारतापें तापलों मी देवा । करितां या सेवा कुटुंबाची’ म्हणताना तुकोबांना दोन्ही संसार एकदम दिसतात, भवाचा फेरा आणि घरातली माणसं. समर्थ ‘आधी प्रपंच करावा नेटका’ म्हणून बजावतात, पण लगेच ‘मग घ्यावें परमार्थविवेका’ आहेच. म्हणजे आपल्या भाषेत ही जोडी पक्की बसलेली आहे : इकडे प्रपंच, तिकडे परमार्थ. ‘सांसारिक’ किंवा ‘प्रापंचिक’ लिहिलंत की वाचकाच्या मनात ही जोडी आपोआप उभी राहते, आणि ‘ख्रिस्ती जीवन’ परमार्थाच्या खान्यात जाऊन बसतं, बायकामुलं, नोकरी, शेती सोडून. बायबलाच्या उत्तरार्धाला, म्हणजे नव्या कराराला, तो भेद करायचाच नाही. तिथे मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता सांगताना प्रेषित पौल विचारतो, ज्याला स्वतःच्या घरची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ काय करणार? समर्थांच्या ओवीशी हे ताडून पाहा, पहिल्या चरणापुरते दोघे एका सुरात बोलतात. ख्रिस्ती परंपरेतही घरदार न करणारे आहेत, वसईत आणि गोव्यात फादर-सिस्टर घरटी ओळखीचे असतात, हे खरं. कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास जाहीर केला, हेही खरं. पण बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकानं तसं व्हावं असं कोणी सांगितलेलं नाही.

मग ‘संसाराविषयीची फुशारकी’चं काय? भाषांतरकारांचं चुकलं का? मीही बराच काळ तसं समजत होतो. मूळ ग्रीक शब्द पाहिला तेव्हा उलटंच निघालं.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीन गोष्टी सांगितल्यात : देहाची वासना, डोळ्यांची वासना व संसाराविषयीची फुशारकी. या तिसऱ्यात ‘जग’ या अर्थाचा कोस्मोस नाही, ‘बिओस’ आहे. हाच शब्द नव्या करारात कुठे येतो पाहा. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी गरीब विधवा ‘आपली सर्व उपजीविका’ टाकते, ती उपजीविका म्हणजे बिओस. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप दोन मुलांत वाटून देतो तेही बिओस. म्हणजे जगण्याचं साधन, मिळकत, घरात जे काही आहे ते. याला मराठीत काय म्हणाल? संसार! पुराच्या बातमीतला संसार. ‘जीवन’ इथे पांचट झालं असतं, ‘ऐश्वर्य’ जास्त झालं असतं.

आणि नाव कशाला ठेवलंय, तर संसाराला नाही, फुशारकीला. मूळ शब्दाच्या घराण्यातला ‘अलाझोन’ म्हणजे ग्रीक विनोदी नाटकातलं बढाईखोर पात्र, नसलेला पराक्रम आणि नसलेला पैसा सांगत फिरणारं. ‘गर्व’ असं गंभीर भाषांतर सहज करता आलं असतं. ज्यानं ‘फुशारकी’ निवडलं त्याला मनोमन नमस्कार. गर्व मनातल्या मनातही करता येतो, फुशारकी मारायला समोर माणूस लागतो. नवा सोफा आला की चहाला बोलावणं, लग्नात रुखवत मांडून त्याचे फोटो गावभर धाडणं, हप्त्यावरची गाडी दारात आडवी लावणं. पाठात उदाहरणं हवीच असतील तर अशी घ्या, मुलं लगेच हसतील.

पुढच्याच अध्यायात बिओस पुन्हा आलाय, आणि मराठीतही संसारच आलाय : ज्याच्याजवळ ‘संसाराची साधने’ आहेत आणि गरजवंत भावाला पाहूनही ज्याला कळवळा येत नाही, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहणार? एकाच संसाराचे हे दोन उपयोग, एक मिरवायचा आणि एक वाटून द्यायचा. सासूबाईंना ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवा. त्यांचा संसार दुसऱ्या वाक्यात बसेल असा माझा अंदाज आहे.

‘जग’ शब्दाचाही असाच घोटाळा होतो. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे वाक्य तर भिंतींवरही रंगवलेलं असतं. आणि त्याच योहानाच्या नावच्या पत्रात ‘जगावर प्रीती करू नका’! दोन्हीकडे मूळ शब्द कोस्मोस. एखादा चौकस मुलगा पाठात हे विचारणार, तयारीत राहा. कोस्मोस म्हणजे मुळात मांडणी, सुव्यवस्था, सजावट. कॉस्मेटिक्सच्या दुकानाची पाटी याच घराण्यातली. पेत्राच्या पहिल्या पत्रात केस गुंफणं, सोन्याचे दागिने यांची ‘शोभा’ आली आहे, ती शोभाही कोस्मोसच. मग मांडलेलं विश्व, विश्वातली माणसं, आणि शेवटी माणसांनी मांडलेली, देवाला वगळून चालणारी व्यवस्था, असे अर्थ लांबत गेले. मराठी ‘जग’ही इतकंच लवचीक आहे. ‘जगाच्या पाठीवर कुठेही जा’मधलं जग भूगोलातलं, ‘जग काय म्हणेल’मधलं जग शेजारपाजारचं, ‘जग असंच असतं बाबा’मधलं जग म्हणजे रीत. प्रीती करायची ती पहिल्या दोघांवर, तिसऱ्यावर नाही.

या तिसऱ्या जगासाठी मराठीत एक झकास शब्द आहे : जगरहाटी. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या मराठी भाषांतरात ‘ह्या जगाच्या रहाटीप्रमाणे’ पूर्वी चालत होता, असा प्रयोग सापडतो. रहाटणं म्हणजे वागणं. ज्ञानेश्वरीत ‘राहाटी’ याच अर्थानं येते. आणि कानाला तो शब्द विहिरीवरच्या रहाटाची आठवण करून देतोच. व्युत्पत्तीचं सोडा, चित्र चपखल आहे : पोहरे भरतात, रिकामे होतात, बैल गोल फिरतो. सगळे लाच घेतात म्हणून घेतली, सगळे मानपान मागतात म्हणून मागितला. यात कोणी ठरवून दुष्टपणा करत नाही, नुसतं फिरत राहतो. रोमकरांस पत्रात पौल ‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका’ म्हणतो. त्यातलं ‘युग’ अचूक, पण जड. कलियुग, सत्ययुग, अणुयुग अशी मोठाली गाडी मागून येते. माझ्या हातात असतं तर मी तिथेही रहाटी घातली असती.

‘देहाची कर्मे’ याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तोच पाठ असेल तर पुढे अडाल. ग्रीकमध्ये शरीराला ‘सोमा’ आणि इथे आलेला शब्द ‘सार्क्स’, म्हणजे मांस, आणि पौलाच्या लेखी देवाला न जुमानणारा माणसाचा कल. मराठीत दोघांना बऱ्याचदा ‘देह’ एकच पुरतो. त्यामुळे देह नाशिवंत, देह अमंगळ ही आपल्या कीर्तनातली शिकवण इथेही लागू करायचा मोह होतो. पण तोच पौल शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतो. रोमकरांस पत्रात भाषांतरकारांनी ‘देहस्वभाव’ असा जोडशब्द घडवून ही अडचण सोडवली आहे. पुस्तिकेत तोच वापरा. आणि गलतीकरांस पत्रातली यादी नीट मोजा. पंधरा कर्मं. जारकर्म, कामातुरपणा सुरुवातीला आहेत, दारूबाजी आणि रंगेलपणा शेवटी (‘रंगेलपणा’ किती खट्याळ शब्द आहे, शास्त्रात बसलाय यावर विश्वास बसत नाही). मधली आठ मात्र अशी : वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. यातलं एकही करायला दारूच्या दुकानात जावं लागत नाही. तरुणांच्या पाठात पहिली आणि शेवटची नेहमी येतात. मधली आठ वडीलधाऱ्यांच्या बैठकीसाठी राखून ठेवलेली दिसतात. ‘तट, फुटी, पक्षभेद’ हे तीन शब्द ओळीनं वाचताना मला बायबल उघडलंय की वर्तमानपत्र, असा क्षणभर प्रश्न पडला होता.

शब्दांची ही काळजी नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, छापून आलं. प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुरता त्यांना खटकत होती, आणि वेदान्तातून उचललेले शब्द आपला जुना अर्थ सोबत घेऊन येतात ही त्यांची मुख्य तक्रार होती. लहानपणापासून घरीच संस्कृतात मुरलेल्या विदुषीनं ती केली, म्हणून तिला वजन. त्याच्या उलट टोकाला गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स : 1616 साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला ते बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतात. ऐकणाऱ्याला ओळखीचं दार दाखवावं, की ओळखीच्या दारातून तो भलत्याच घरात जाईल म्हणून नवं दार पाडावं? ‘जगिक’ हे असंच नवं पाडलेलं, जरा ओबडधोबड दार.

एक राहिलं. तुमच्या मसुद्यात ‘ख्रिस्ती जीवनशैली’ असंही एके ठिकाणी आहे. शैली हौसेनं निवडतात आणि कंटाळा आला की बदलतात. शिवाय ‘जीवनशैली’च्या मागून मधुमेह आणि रक्तदाब येतात. मूळात या अर्थानं वारंवार येणारं क्रियापद आहे ‘पेरिपातेइन’, म्हणजे चालणं, आणि मराठी बायबलानंही ते तसंच ठेवलंय : ‘आत्म्याच्या प्रेरणेने चाला’. पहिल्या ख्रिस्ती लोकांना तर नुसतं ‘मार्गा’चे लोक म्हणत. मराठीला हे परकं नाही. चालचलन, चालरीत, वाकडं पाऊल, आडवाट, मार्गी लागणं. आपलं सगळं वागणं पायांवरच उभं आहे, आणि पंथ म्हणजे तरी काय, रस्ताच.

तेव्हा पाठाचं नाव ‘ख्रिस्ती चालणूक आणि जगरहाटी’ असं करून पाहा. ते जुनाट वाटलं तर तुमचं मूळचं ‘जगिक जीवन’ ठेवा, ‘सांसारिक’ मात्र काढा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.