वाचक विचारतात : अर्ध्या तासाच्या रेडिओ कार्यक्रमाची मांडणी

कम्युनिटी रेडिओसाठी, म्हणजे एखाद्या संस्थेनं आपल्या भागापुरत्या चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्रासाठी, कार्यक्रम कसा आखायचा आणि कसा तयार करायचा, हे विचारणारी पत्रं खानापूर, निपाणी, बेळगाव, चिकोडी भागांतून आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या महिला बचत गटाला आठवड्याला अर्धा तास मिळणार आहे. शेती, आरोग्य, शाळा असे विषय पुष्कळ सुचतात. सुरुवात कुठून करावी?
*— खानापूर तालुक्यातील एक वाचक*

विषय पुष्कळ सुचणं हीच पहिली अडचण. ‘शेती’ हा एका कार्यक्रमाचा विषय होत नाही. ‘पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात कसं निवडायचं’ हा होतो. कार्यक्रम ऐकणारी बाई दुसऱ्या दिवशी नेमकं काय करील, ते एका वाक्यात कागदावर लिहा. वाक्य जमेना, तर रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. त्या वाक्यात ‘आणि’ आला, तर ते दोन कार्यक्रम आहेत.

मग तारीख धरा आणि मागे मोजत या. तुमच्याकडे धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या जमिनीत बी पेरणं) मे अखेरीस सुरू होते. म्हणजे कार्यक्रम मेच्या दुसऱ्या आठवड्यात लागला पाहिजे, बी अजून पोत्यात असताना. ध्वनिमुद्रण पहिल्या आठवड्यात, आणि कृषी अधिकाऱ्यांची वेळ एप्रिलातच ठरवायची. पेरणी उरकल्यावर दिलेला सल्ला कितीही अचूक असो, ते वरातीमागून घोडं.

आता मिनिटांचा कागद. अर्धा तास मिळाला तरी आपलं सगळं २८ मिनिटं ३० सेकंदांत बसवा. उरलेलं दीड मिनिट स्टेशनच्या सूचनांना लागतं. संकेतधून ३० सेकंद, प्रास्ताविक १ मिनिट, शेतावरून शेतकऱ्याचा आवाज ३ मिनिटं, अधिकाऱ्यांची मुलाखत ७ मिनिटं, भलरी किंवा जात्यावरची ओवी ३ मिनिटं, निवेदिकेनं कृती सावकाश सांगणं २ मिनिटं, श्रोत्यांचे प्रश्न आणि उत्तरं ८ मिनिटं, उजळणी दीड मिनिट, पुढच्या वेळचा विषय ३० सेकंद, समारोपाची धून ३० सेकंद. बेरीज २७ मिनिटं. दीड मिनिट मुद्दाम मोकळं ठेवलं आहे, कारण मुलाखत ७ मिनिटांत कधीच संपत नाही. गाणं मध्यावर ठेवण्यामागे हिशेब आहे : मुलाखतीतली माहिती मुरायला तेवढा वेळ मिळतो, आणि मध्येच रेडिओ लावलेल्या माणसाला पुढची कृती पहिल्यापासून ऐकायला मिळते.

कानानं आकडा पकडणं अवघड असतं. अधिकारी म्हणतील, ‘मिठाचं ३ टक्के द्रावण करा.’ तिथेच थांबवून विचारा, ‘म्हणजे १० लिटर पाण्याला किती मीठ?’ उत्तर येईल ३०० ग्रॅम. घरात तराजू नसतो, म्हणून निवेदिकेनं जोड द्यावी : किलोच्या पुडीतला तिसऱ्या हिश्श्याहून जरा कमी. तरंगणारं बी काढून टाकायचं, तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, सावलीत सुकवायचं. आकडा तीन वेळा यायला हवा, एकदा तज्ज्ञाच्या तोंडून, एकदा कृतीत, एकदा उजळणीत. तिन्ही वेळा शब्द तेच ठेवा. एकदा ‘३०० ग्रॅम’ आणि एकदा ‘पाव किलोच्या वर’ असं झालं की ऐकणारा दोन्ही विसरतो.

संहिता निवेदिकेपुरतीच लिहा. शेतकऱ्याच्या हातात कागद दिला की त्याचा आवाज शाळेतल्या धड्यासारखा येतो. सावकाश मराठी निवेदनात मिनिटाला ११० ते १२० शब्द बसतात. त्यामुळे दीड मिनिटाच्या उजळणीला १८० शब्द ही वरची मर्यादा. सात मिनिटांच्या मुलाखतीसाठी २० ते २५ मिनिटं ध्वनिमुद्रण पुरतं. तासभर रेकॉर्ड केलं तर तेवढंच ऐकून कापावं लागतं, आणि नवशिक्या गटाचा उत्साह बहुतेक वेळा तिथेच मावळतो.

प्रसारणाआधी तयार भाग गटाबाहेरच्या पाच बायकांना ऐकवा. मत विचारू नका, त्या ‘चांगलंय की’ म्हणतील. त्या एकमेकींशी कधी बोलू लागतात ते मिनिट टिपा, आणि नंतर विचारा, ‘मीठ किती घ्यायचं?’ पाचांतल्या तिघींना सांगता आलं नाही, तर कृतीचा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा.

मोबाइलवर शेतात मुलाखती घेतल्या. वाऱ्याचा घोंगाट येतो, मधले शब्द फुटतात. स्टेशनवाले पुन्हा रेकॉर्ड करा म्हणतात. यंत्र घ्यावं का?
*— निपाणीजवळच्या गावातील एक तरुण वाचक*

यंत्र नंतर. आधी बिघाड वेगवेगळे करा, कारण हे तीन वेगळे दोष आहेत.

घोंगाट येतो तो वारा थेट माइकच्या पडद्यावर आपटतो म्हणून. वाऱ्याकडे पाठ करून तुम्ही उभे राहा आणि माइक तुमच्या अंगाच्या आडोशाला धरा. माइकवर स्पंजची टोपी हवी. ती नसेल तर सुती मोज्याचे दोन पदर थोडं काम करतात. झाडाखाली बसणं छान दिसतं, पण पानांची सळसळ माइकमध्ये पावसासारखी ऐकू येते. गोठ्याची किंवा घराची भिंत बरी.

‘प, फ, ब, भ’ म्हणताना धप्प असा आवाज येतो, तो तोंडातल्या हवेच्या झोताचा. माइक ओठांसमोर न धरता तोंडाच्या कोपऱ्याकडे, किंचित तिरका धरा. अंतर एक वीत. आजूबाजूला गोंगाट असेल तर चार बोटं. माइक बोलणाऱ्याच्या हातात देऊ नका. तो हातवारे करतो आणि आवाज जवळ-लांब होत राहतो.

शब्द फाटतो तो पातळी जास्त ठेवल्यामुळे. पातळी दाखवणारा काटा शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, भिडला की आवाजाचं टोक कापलं जातं, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, हसणं आणि हाका उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. हळू रेकॉर्ड झालेला आवाज वाढवता येतो, थोडी खरखर येते इतकंच.

मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटतं. ॲपमध्ये वेव्ह (WAV), म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलची सोय असेल तर ती निवडा. एका चॅनेलला मिनिटाला पावणेसहा एमबीच्या आसपास जागा लागते. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मुलाखत मागवू नका. त्यात आवाज इतका दाबलेला असतो की संपादनानंतर तो डबा वाजवल्यासारखा येतो.

कानाला हेडफोन हवाच. आपला कान नको ते आवाज आपोआप बाजूला सारतो. माइकला ते जमत नाही. तुमच्याकडे ऊस हंगामात एक खास संकट असतं : गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर. पंख्याची घरघर एकवेळ चालते, पण पाठीमागे गाणं असेल तर वाक्य कापल्यावर गाणं उडी मारतं आणि काप उघडा पडतो. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबा आणि तो प्रश्न पहिल्यापासून विचारा.

मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून ३० सेकंद नुसती जागा रेकॉर्ड करा. दोन तुकडे जोडताना मध्ये हीच शांतता भरायची. पूर्ण कोरी जागा ठेवली तर रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं. आणि ‘हं, हं, बरोबर’ तोंडानं म्हणू नका, मान हलवा. समोरच्याच्या वाक्यावर चढलेला तुमचा हुंकार काढता येत नाही.

घरात रेकॉर्ड करायचं तर रिकामी, फरशीची खोली टाळा. गाद्या-वाकळांची खोली उत्तम. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायची पद्धत दिसते. त्यानं बाहेरचा आवाज अडत नाही, आगीचा धोका मात्र वाढतो. दाराला आणि समोरच्या भिंतीला दोन वाकळा टांगल्या की पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका.

एवढं करूनही पैसे खर्च करायचेच असतील तर साधा डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक नाजूक आवाज पकडतो, पण त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि तो शेजारचा कुकरही पकडतो.

आमच्या भागातील विणकरांवर मालिका करायची आहे. काही जण मराठी बोलतात, काही कन्नड. प्रत्येक वाक्याचं भाषांतर केलं तर कार्यक्रम कंटाळवाणा होतो. काय करावं?
*— वडगाव, बेळगाव*

वाक्यागणिक भाषांतर केलं की दोन्हीकडचे श्रोते निम्मा वेळ वाट पाहतात. त्याला तीन मार्ग आहेत.

उत्तर छोटं असेल तर पुढच्या प्रश्नातच सार घ्या : ‘सूत महाग झालंय म्हणता, मग मजुरीत किती वाढ मिळाली?’ मराठी श्रोत्याला समजलं, कन्नड बोलणाऱ्याची लय तुटली नाही. उत्तर लांब असेल तर मूळ आवाज ५-६ सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग तो १५ ते १८ डेसिबलनं खाली घ्या, वरून मराठी सार बोला आणि शेवटची ३-४ सेकंदं मूळ आवाज पुन्हा वर आणा. एका वेळी ४० सेकंदांपेक्षा जास्त असं करू नका, कान थकतो. तिसरा मार्ग दोन निवेदकांचा : एक मराठीत, एक कन्नडमध्ये, दोघंही एकमेकांचं भाषांतर न करता गप्पा पुढे नेतात. ऐकायला हा सर्वांत गोड, पण दोघांनाही दोन्ही भाषा चांगल्या समजल्या पाहिजेत. तारीख, रक्कम आणि ठिकाण मात्र कुठल्याही पद्धतीत दोन्ही भाषांत सांगायचं. तयार सार प्रसारणाआधी कन्नड घरात वाढलेल्या माणसाला ऐकवा.

बोलीला हात लावू नका. ‘काम करायलोय’ म्हणणाऱ्याला ‘करतोय’ म्हणायला लावलं की पुढची दहा मिनिटं तो शब्द जुळवत बसतो.

सीमाभागात भाषेपेक्षा मोठी चूक योजनांत होते. एफएम लहरी सीमेवर थांबत नाहीत, आणि मराठी मजकूर शोधताना हाती महाराष्ट्राचीच माहिती जास्त लागते. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेली गृहलक्ष्मी, दरमहा २,००० रुपयांची. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण, सुरुवातीला दरमहा १,५०० रुपयांची. दोन्हींचे निकष वेगळे, अर्ज वेगळे. म्हणून योजना कुठल्या राज्याची हे पहिल्याच वाक्यात सांगा. कागदांचंही तेच. श्रोत्याचे कोल्हापूरचे पाहुणे ‘सातबारा’ म्हणतात, पण इथल्या कचेरीत त्याला ‘पहाणी’ मागावी लागते. दोन्ही शब्द एकदा जोडून सांगा, मग इथलाच वापरा.

गावातल्या बातम्या, जाहिराती, सिनेमाची गाणी चालतात का?
*— चिकोडी*

स्वतःच्या बातम्या चालत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, यात्रा-जत्रा, वीज-पाणी बंद राहण्याच्या सूचना, रोगराईचे इशारे यांची गणना बातम्यांत होत नाही. गावाला रोज लागतं ते बहुतेक यातच येतं. राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम करता येत नाही. मुलाखतीत पाहुणा तिकडे वळला तर थेट प्रसारणात सावरणं अवघड, म्हणून नवख्या गटानं मुलाखत आधी रेकॉर्डच करावी.

जाहिरात तासाला १२ मिनिटांपर्यंत चालते. २०२४ च्या सुधारित धोरणाआधी ही मर्यादा ७ मिनिटं होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये आहे. सिनेमाच्या गाण्यांना हक्कधारकांचा परवाना लागतो. इथे एक फसगत होते : भजनी मंडळ सिनेगीताच्या चालीवर भजन म्हणतं. शब्द त्यांचे असले तरी चाल दुसऱ्याची आहे. जुन्या ओव्या, भलरी, गौरीची गाणी घ्या, आणि गाणाऱ्यांची लेखी संमती ठेवा.

आमचं स्वतःचं स्टेशन काढता येईल का? आणि झालेले कार्यक्रम किती दिवस जपायचे?
*— बेळगाव तालुका*

व्यक्तीला परवाना मिळत नाही. किमान तीन वर्षं नोंदणीकृत असलेली, नफा न कमावणारी संस्था, शिक्षणसंस्था किंवा कृषी विज्ञान केंद्र अर्ज करू शकतं. संस्थांना ही दारं २००६ च्या धोरणानं उघडली. त्याआधी फक्त शिक्षणसंस्थांना मुभा होती. प्रसारणाची प्रभावी शक्ती १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, त्यामुळे सपाटीवर १० ते १५ किलोमीटर आवाज पोचतो. मध्ये डोंगर आला की त्याआधीच तुटतो. पल्ला एवढा आखूड, म्हणूनच बेळगावचं ‘वेणुध्वनी’ हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र ही दोन्ही ९०.४ मेगाहर्ट्‌झवर असूनही एकमेकांत मिसळत नाहीत. निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावे लागतात. आमचं मत विचाराल तर आधी वर्षभर दुसऱ्याच्या स्टेशनला आठवड्याला एक भाग न चुकता द्या. प्रक्षेपक चालवण्यापेक्षा रोजचे तास भरणं कठीण असतं.

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपणं बंधनकारक आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तासाला ५८ एमबीच्या आसपास लागतात. रोज ८ तास धरले तर ९० दिवसांचे साधारण ४२ जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी भागाचा क्रमांक घाला, म्हणजे यादी आपोआप तारखेनं लागते. नावात ‘फायनल’ लिहू नका. आठवड्यात ‘फायनल २’ तयार होतं, आणि प्रसारणाच्या वेळी नेमकं जुनंच लागतं.