मामा उपजिल्हाधिकारी आहेत, आता आमदार व्हायचं म्हणतात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांचं वय 53, सेवा 26 वर्षं, गाव नागपूर जिल्ह्यातलंच, आणि पुढची विधानसभा लढवायची म्हणतात. नोकरी कशी आणि केव्हा सोडायची, आणि फायलीत वाढलेला माणूस आमदार म्हणून चालतो का, असं तुम्ही विचारलंय. मी महसूलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. वीसेक डिसेंबर हिवाळी अधिवेशनाची उत्तरं जुळवण्यात गेले, आणि निवृत्तीनंतर अडीच वर्षं अशाच एका माजी अधिकारी आमदारांकडे लिहिण्याचं काम केलं. त्यांचं नाव काढत नाही, नुसतं 'साहेब' म्हणतो.

आधी कागदाचं. मामांना म्हणा, राजीनामा देऊ नका. राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून बाद. 26 वर्षं म्हणजे ते 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, जुन्या पेन्शनचे. गमावण्यासारखं पुष्कळ आहे. 1982 च्या पेन्शन नियमांतला नियम 66 बघा: वीस वर्षं झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मुदतीत नकार कळवला नाही तर निवृत्ती आपोआप लागू होते, असं नियमात आहे. पण त्या आपोआपच्या भरवशावर राहू नका, आदेश हातात घ्या. जुनी विभागीय चौकशी कुठे लोंबकळत असेल तर ती नेमकी याच वेळी वर येते. संविधानाच्या अनुच्छेद 191 प्रमाणे सरकारी पदावरचा माणूस अपात्र, आणि पात्रता बघतात ती अर्जांच्या छाननीच्या तारखेला. मतदान महिनाभर लांब आहे म्हणून काही उपयोग नाही.

तोवर तोंड बंद. 1979 च्या वर्तणूक नियमांत राजकारणात आणि निवडणुकीत भाग घ्यायला मनाई आहे. एखाद्या हौशी भाच्याने चौकात 'भावी आमदार' असं बॅनर लावलं, तर त्याचा फोटो मंत्रालयात मामांच्या नोटिशीच्या आधी पोचेल. (तुम्हालाच म्हणतोय.)

आता एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. उमेदवारी अर्जासोबत नमुना 26 चं शपथपत्र असतं. मागच्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नाही, हे त्यात लिहून द्यावं लागतं आणि ना-देय दाखले जोडावे लागतात. आमच्या साहेबांच्या दहा वर्षांत चार बदल्या झाल्या होत्या. म्हणजे चार गाळे. एका गाळ्याच्या पाणीपट्टीची 640 रुपयांची बाकी निघाली, ती पुढच्या भाडेकरूची की यांची, याचा वाद तिथल्या कार्यालयात चालला नऊ दिवस. शेवटी मी पैसे भरले, पावती घेतली, दाखला आणला. अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000), ती भरायला मात्र पाच मिनिटं लागली.

नोकरी सोडल्यावर काही काळ थांबायचं बंधन आहे का, असंही तुम्ही विचारलंय. कायद्यात नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर तशी मागणी आली होती. ते विधिमंडळाने ठरवायचं, असं म्हणून कोर्टाने याचिका फेटाळली.

निवडून येण्याबद्दल मी ज्योतिष सांगत नाही. किशोर गजभिये आयएएस होते. 2014 ला उत्तर नागपुरात बसपाकडून लढले आणि दुसऱ्या क्रमांकावर आले, 2019 ला रामटेक लोकसभेत काँग्रेसकडून हरले. नावापुढची पदवी मतं आणते, पण किती आणते ते मतमोजणीलाच कळतं. आणि ही वाट आपल्याकडे नवी नाही. रा. कृ. पाटलांनी स्वातंत्र्याआधीच आयसीएस (इंग्रजांच्या काळातली आयएएस) सोडली आणि 1946 ला इथेच, नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात बसले. 1950 च्या पहिल्या नियोजन आयोगात ते आणि चिंतामणराव देशमुख दोघेही होते. दोघेही मध्य प्रांताच्या केडरमधले. असो, म्हाताऱ्याला विषय मिळाला की तो वाहवत जातो.

चालतो का? सभागृहात चालतो, आणि झकास चालतो. आम्ही टेबलाच्या या बाजूला बसून उत्तरं लिहायचो तेव्हा आमचा धंदा ठरलेला. आमदार विचारणार, 'अमुक तालुक्यातील पांदण रस्त्यांची कामे रखडली आहेत, हे खरे आहे काय?' आम्ही लिहिणार, 'हे अंशतः खरे आहे.' शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्यावर 'प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. साहेबांनी हीच उत्तरं आयुष्यभर सहीला पाठवलेली. त्यामुळे त्यांच्या तारांकित प्रश्नात (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) 'खरे आहे काय' कुठेच नसायचं. किती रस्ते मंजूर, कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचे, किती देयकं अदा, मोजमाप पुस्तिकेत शेवटची नोंद कधीची. पहिला असा प्रश्न गेला त्या रात्री जिल्ह्यातून माझ्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "काहून बावा, आमच्याच पोटावर पाय देता काय?"

पण उपप्रश्नाला उभे राहिले की साहेबांची टिपणी सुरू व्हायची. पार्श्वभूमी, शासन निर्णय, मग अभिप्राय. अध्यक्ष म्हणायचे, प्रश्न विचारा. आणि नजर अध्यक्षांकडे नसून अधिकारी दीर्घेत बसलेल्या सचिवाकडे. आमदार आला की अधिकाऱ्याने उठून उभं राहावं अशी शासनाची सूचना आहे. आमचे साहेब विभागीय आयुक्त दारात दिसले की स्वतःच उठायचे. वर्षभर गेली नाही ती सवय.

खरी अडचण आमदार निवासातल्या खोलीत. सकाळी साडेसातला कामठीकडचे एक आजोबा आले. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लागत नव्हती. साहेबांनी कागद बघितला, कागद नीट होता. म्हणाले, "तहसीलला अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, पंधरा दिवसांनी या." आजोबांनी पिशवीतून चार पोचपावत्या काढून टेबलावर मांडल्या, पत्ते मांडावेत तशा. "अर्ज करू करूच तं थकलो जी. म्हून तं तुमच्याकडे आलो." साहेब गप्प. मग त्यांनी तहसीलदारांना फोन लावला, आणि फोनवर काय बोलावं हेच त्यांना सुचेना. हुकूम देता येत नाही, कारण आता ते वरिष्ठ नाहीत. विनवणी कधी केलेली नाही. निधीचंही तेच. वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी, पण आमदार नुसती शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून. ज्या कागदावर आधी सही करायची, त्याची आता वाट बघायची.

म्हणून मामांना नोटीस देण्याआधी एक काम सांगा. आठ दिवस रजा काढून, ओळख न देता, दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून बघा म्हणा. तिथे करमलं तर पुढचं बोलू. आणि गाळ्यांची यादी मला पाठवा, दाखल्यांचे अर्ज मी लिहून देतो.