बारावा लघुग्रह 'व्हिक्टोरिया': राणी की देवी?

प्रश्न असा आहे: मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातल्या १२ क्रमांकाच्या लघुग्रहाचं 'व्हिक्टोरिया' हे नाव इंग्लंडच्या राणीवरून आलं का? आणि 'व्हिक्टोरिया' व 'विजय' हे शब्द एकाच मुळातून निघालेत का?

कागदोपत्री हे नाव देवीचं आहे. व्हिक्टोरिया ही रोमन लोकांची विजयदेवता; ग्रीकांकडे तीच 'निके', म्हणजे बुटांवर जिचं नाव झळकतं ती. पण पाळणा कुठे हलला ते बघा. १३ सप्टेंबर १८५० रोजी जॉन रसेल हाइंड यांनी हा लघुग्रह शोधला तो लंडनमध्ये, रीजंट्स पार्कातल्या जॉर्ज बिशप यांच्या वेधशाळेतून, आणि तेव्हा गादीवर होती व्हिक्टोरिया राणी. अशा वेळी हाइंडना नेमकी हीच देवी आठवावी, हा योगायोग मला तरी पटत नाही.

तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांनाही तो पटला नव्हता. लघुग्रहांना पुराणकथांतल्या स्त्रियांची नावं द्यायची असा शिरस्ता पडला होता. त्यात हयात राणीचं नाव मागच्या दाराने घुसतंय म्हणून काहींनी, विशेषतः अमेरिकेत, हरकत घेतली. 'अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल'चे संपादक बेंजामिन गूल्ड यांनी तर आपल्या नियतकालिकात या लघुग्रहाला 'क्लिओ' म्हणायला सुरुवात केली. क्लिओ ही ग्रीकांची इतिहासाची देवता. तिच्या नावावर कोण आक्षेप घेणार! शेवटी हार्वर्डचे विल्यम बाँड यांनी निवाडा दिला, की पुराणात व्हिक्टोरिया नावाची देवी आहे ना, मग नियम पाळला गेला. हे मत टिकलं आणि नावही टिकलं. 'क्लिओ' मोकळंच राहिलं होतं, ते पुढे १८६५मध्ये रॉबर्ट लूथर यांना सापडलेल्या ८४व्या लघुग्रहाला मिळालं.

हा आडपडदा फार काळ लागला नाही म्हणा. १८५७मध्ये पॅरिसमध्ये हेर्मान गोल्डश्मिट या चित्रकाराला ४५वा लघुग्रह सापडला, त्याला तिसऱ्या नेपोलियनच्या पत्नीचं, सम्राज्ञी युजेनीचं नाव देऊन 'युजेनिया' केलं. तिथे देवीची ढालही नव्हती.

मुंबईतल्या व्हिक्टोरियांचा मामला मात्र सरळ आहे. घोडागाडी असो की व्ही. टी. (व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्टेशन, दोन्ही नावं थेट राणीचीच होती.

आता 'विजय'. अर्थ तोच, सुरुवातही 'वि'ने, त्यामुळे नातं जोडायचा मोह होतोच. पण 'विजय'मधला 'वि' हा उपसर्ग आहे आणि धातू 'जि', जिंकणे. जय, पराजय, अजिंक्य, जेता यांत 'वि' नसूनही जिंकण्या-हरण्याचा अर्थ शाबूत आहे, तो या 'जि'मुळेच. लॅटिन 'व्हिक्टोरिया' आली 'व्हिंकेरे' म्हणजे जिंकणे या क्रियापदापासून. तिथला 'व्हि' धातूचाच भाग आहे, तो उपसर्ग म्हणून सुटा करता येत नाही. म्हणजे एका शब्दात 'वि' काढला तरी जिंकणं उरतं, दुसऱ्यात काढला तर काहीच हाती लागत नाही. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्या तरी या दोन शब्दांची मुळं वेगळी आहेत. भाषांतर म्हणून मात्र 'व्हिक्टोरिया'ला 'विजया' म्हणायला काहीच हरकत नाही.