तंबूत एकच रात्र, आणि तीही तुरीच्या पैशातून

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आहे. नऊ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तिच्यात तूर. वहिनी अंगणवाडीत आहेत, त्यांच्या मानधनावर घरखर्च निघतो. 18 मे 2026 ला लग्नाला 25 वर्षं होतात, म्हणून ताडोबाच्या कोलारा गेटजवळ एका आलिशान तंबूच्या कॅम्पात दोन रात्री राहायचा बेत आहे. जेवणासह भाडं रात्रीला 26,000, दोन जिप्सी सफारींचे 16,000 वेगळे. कापसाचे चुकारे आले, वेचणीची देणी फिटली, खात्यात 2,10,000 आहेत. पीककर्ज 1,80,000. भाऊ लिहितात, "आयुष्यभर रोही-डुकरांपायी जागलीला मचाणावर झोपलो. आता एकदा पलंगावर झोपून जंगल ऐकायचं आहे. मार्चात हातउसने घेऊन नवं-जुनं करून घेईन. चालेल का?"

भाऊ, जायला हरकत नाही. नवं-जुनंचा, म्हणजे उसन्या पैशांनी जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलायचा बेत मात्र मोडा.

आधी खरा आकडा. भाडं रात्रीला 7,500 च्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के. 52,000 वर 9,360 चढले, सफारी धरून 77,360 झाले. खात्यात उरतात 1,32,640, म्हणजे कर्ज भरायला 47,360 कमी. ते चार दिवसांसाठी उसने घेतले तर व्याज हजार-दीड हजाराच्या वर जाणार नाही, हे मलाही मान्य आहे. माझी भीती वेगळी आहे. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज शून्य पडतं. उसने देणारा ऐनवेळी फिरला आणि 31 मार्च हुकला, तर 7 टक्क्यांनी वर्षाचे 12,600 अंगावर येतात. सगळं सुरळीत झालं तरी नव्या कर्जातले 47,000 पहिल्याच दिवशी त्या माणसाच्या हातात जाणार. पेरणी तोंडावर असताना खताला काय उरेल? लग्नाचा वाढदिवस आणि मृग यांच्यात तुमच्याकडे जेमतेम तीन आठवडे आहेत.

म्हणून कर्ज आत्ताच पूर्ण भरा. 30,000 उरतात, त्यांना हात लावू नका. बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट 900 च्या घरात आहे, तुरीच्या ओळी वगळून सात एकराला चौदा पाकिटं धरली तरी साडेबारा हजार होतात. नवं कर्ज हातात यायला उशीर झाला तर बियाणं यातूनच येईल.

सहलीचे पैसे तुरीतून काढा. आठ क्विंटल होईल असं तुम्हीच लिहिलंय. 8,000 चा आधारभूत भाव सोडा, 6,500 धरला तरी 52,000 येतात.

आता तारखा. 18 मे सोमवारी येतो. तुमचा मधला अख्खा दिवस मंगळवार, आणि मंगळवारी ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असतो! सोमवारी दुपारची सफारी झाली की पुढची थेट बुधवारी पहाटे. मंगळवारी तुम्ही 45 अंशांत कॅनव्हासखाली बसून एसीचा आवाज ऐकणार, आणि त्यासाठी करासह 30,680 मोजणार. त्यापेक्षा बुधवारी 20 तारखेला जा. दुपारची सफारी, रात्री तंबू, गुरुवारी पहाटेची सफारी, मग घरी. सफारी तेवढ्याच, खर्च 46,680. तुरीच्या पैशात बसतो.

वाघासाठी तंबू घेत असाल तर तो खर्च वाया आहे. मागच्या फेब्रुवारीत मी कोलारा गेटवर पहाटे रांगेत होतो. पुढच्या जिप्सीत मोठ्या कॅम्पाचे पाहुणे, मांडीवर गरम पाण्याच्या पिशव्या. मागच्या गाडीत चिमूरहून आलेले चौघे एकाच सोलापुरी चादरीत. तिन्ही गाड्यांना मिळून दिसले ते रानकुत्रे आणि धुळीत उमटलेले ताजे पंजे. प्रवेश वनखात्याचा आणि गेटही तेच, कॅम्पाला त्यात वेगळी वाट नाही. पण तुम्ही वाघ मागितलेलाच नाही, मचाणाऐवजी पलंग मागितलाय. म्हणून तर मी हो म्हणतोय.

सफारीचे 16,000 अख्ख्या जिप्सीचे दिसतात. तसं असेल तर गाडीत सहा पर्यटक बसतात आणि तुम्ही दोघंच आहात. मुलगा-सून पहाटे घरून निघून गेटवर येऊ शकतात. मात्र त्यांची नावं आणि ओळखपत्रं बुकिंगच्या वेळीच द्यावी लागतील.

हे सगळं वहिनींपासून गुपित ठेवणार, असं लिहिलंय. सहल गुपित ठेवा, आकडा ठेवू नका. घर त्यांच्या मानधनावर चालतंय.

ॲडव्हान्स तूर विकल्यावरच द्या, पण मेच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे भाव वाढायची वाट बघत पोती ठेवू नका. आणि पैसे देण्याआधी कॅम्पाकडून लेखी घ्या: दोन्ही सफारी कोलारा गेटच्या, कोअरमधल्याच आहेत ना, आणि परमिट मिळालं नाही तर 16,000 परत किती दिवसांत.