जपानी सुपरहिरो कार्टून मालिका इंग्रजीत आणताना त्यांची गोष्टच का बदलली? नुसतं डबिंग करून भागलं नसतं का?

डबिंगचे संवाद लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बहुतेक वेळा इंग्रजीतून हिंदीत, मराठीत कधीमधी. त्यामुळे प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' आणि तिची मूळ जपानी मालिका 'गॅचामन' लागोपाठ पाहिल्या, आणि चित्रं तीच असूनही दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्यासारखं वाटलं. तसं वाटणारच, कारण गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत.

यावर सगळीकडे मिळणारं उत्तर म्हणजे 'सेन्सॉरशिप'. ते अर्धंच खरं आहे. कापणं अवघड नसतं, कात्री कोणीही चालवतं. खरी पंचाईत कापून झाल्यावर सुरू होते. भोक पडलेलं असतं, आणि अर्ध्या तासाचा स्लॉट मात्र अर्ध्या तासाचाच राहतो.

माझाच एक किस्सा सांगतो. एका मुलांच्या चॅनेलसाठी एका परदेशी कार्टूनचे संवाद लिहीत होतो. नायक मुलाचे आजोबा वारतात, असा प्रसंग होता. चॅनेलकडून निरोप आला, मृत्यू नको, काढून टाका. काढला. पण पुढच्याच प्रसंगात तो पोरगा स्वयंपाकघरात आजीच्या शेजारी उभा राहून ढसाढसा रडतोय, त्याचं काय करायचं? तो प्रसंग काढला तर एपिसोड लांबीला कमी पडत होता. ओट्यावर भाजी दिसत होती. मी लिहिलं, "आजी, कांदा किती झोंबतोय गं!" मंजूर झालं. रेकॉर्डिंगला आवाज देणाऱ्या मुलीने माझ्याकडे काचेपलीकडून जे पाहिलं, ते अजून आठवतं. हुंदके पायलट ट्रॅकवर, म्हणजे ऐकून डबिंग करायच्या मूळ आवाजात, खरे होते ना.

आता या कांद्याचा पंच्याऐंशी एपिसोड लांबीचा अवतार डोळ्यासमोर आणा. 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' म्हणजे साधारण ते.

'काग़ाकु निन्जाताई गॅचामन' ही तात्सुनोको स्टुडिओची मालिका. १ ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७४, फुजी टीव्हीवर, एकूण १०५ एपिसोड. पक्ष्यांचे वेष घालणारे पाच तरुण आणि त्यांच्याविरुद्ध गॅलॅक्टर नावाची संघटना. गोष्ट आपल्या पृथ्वीवरच घडते. युरेनियमची चोरी, ऊर्जा, प्रदूषण असे विषय, आणि माणसं मरतात. नुसते खलनायकाचे मुखवटेवाले शिपाईच नाहीत, तर शहरातली साधी माणसंसुद्धा.

१९७७ मध्ये सँडी फ्रँक या अमेरिकी निर्माता-वितरकाने ही मालिका फ्रान्समध्ये कानच्या टीव्ही बाजारात पाहिली. वर्ष लक्षात ठेवा, त्याच उन्हाळ्यात 'स्टार वॉर्स' आला. अमेरिकेला अंतराळाचं वेड लागलं होतं. दुसऱ्या बाजूला पालकांच्या संघटना टीव्हीवरच्या मारामारीवर तुटून पडल्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत नावाजलेली 'ॲक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' १९६८ पासून काम करत होती. म्हणजे बाजाराला हवं होतं अंतराळ, आणि पालकांना नको होती हिंसा. फ्रँकच्या लेखकांनी एका दगडात दोन्ही पक्षी मारले. गोष्ट पृथ्वीवरून उचलली आणि इतर ग्रहांवर नेऊन ठेवली.

पहिल्याच जपानी एपिसोडात 'टर्टल किंग' नावाचं प्रचंड यांत्रिक कासव येतं. इंग्रजीत त्या एपिसोडचं नाव झालं 'अटॅक ऑफ द स्पेस टेरापिन'. तिसऱ्या एपिसोडातल्या वादळ आणणाऱ्या ममीची झाली 'द स्पेस ममी'. नावाला 'स्पेस' चिकटवलं की काम झालं! चित्रात तीच झाडं, तोच समुद्र, तेच ढग आणि त्याच इमारती, पण सांगायचं की हा दुसरा ग्रह आहे. दुसऱ्या ग्रहावर काही कोसळलं तर त्याची टोचणी कमी लागते, हा हिशोब. ॲलन डाइनहार्ट आणि जेमसन ब्रूअर या लेखक मंडळींनी तो ज्या सफाईने निभावला, त्याला धंद्यातला माणूस म्हणून दाद द्यावी लागते. प्रेक्षक म्हणून राग येतो, ही गोष्ट वेगळी.

आणि मग भोकं. मारामाऱ्या छाटल्या, प्रेतं छाटली, मिनिटं कमी पडली. म्हणून अमेरिकेत नवीन चित्रं काढून घेतली आणि त्यातून जन्माला आला सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा यंत्रमानव. समुद्राखालच्या 'सेंटर नेपच्यून' या तळावर बसायचं, पडद्यांकडे पाहायचं आणि बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. सोबतीला वन-रोव्हर-वन नावाचा यांत्रिक कुत्रा. हा झार्क 'स्टार वॉर्स'मधल्या त्या गोल डोक्याच्या यंत्राच्या नात्यातला वाटतो, आणि तो योगायोग नसावा. मध्येच तो येऊन सांगतो की शहर आधीच रिकामं केलं होतं, ती विमानं माणसं चालवत नव्हती, आपली मुलं सुखरूप आहेत. वेळ उरलाच तर प्लूटोवरच्या इशारा केंद्रातल्या 'सूझन' नावाच्या आवाजाशी लाडात बोलायचं.

झार्कची चित्रं मूळ चित्रांशी अजिबात जुळत नाहीत. रेषा वेगळी, रंग वेगळे, हालचाल जेमतेम. तीच ती दृश्यं परत परत वापरलेली. गॅचामनची पार्श्वभूमी डोळे निवतील इतकी देखणी, आणि मध्येच हा डबा. पण मला या डब्याचा राग येत नाही. तो माझा कांदा आहे.

त्याला आवाज दिला ॲलन यंग या नटाने. पाच जणांतला सगळ्यात लहान, मूळचा जिनपेई आणि इंग्रजीतला कीऑप, हाही त्याचाच आवाज. कीऑप वाक्यापूर्वी चिवचिव करतो, मध्येच घुटमळतो. तो प्रयोगशाळेत तयार केलेला जीव असल्यामुळे बोलण्यात दोष आहे, असं मालिकेत कारण दिलंय. चाहते म्हणतात, मूळ पोरगा शिव्या द्यायचा त्या लपवायला हे केलं. मला काही ते पटत नाही. मला त्यात निव्वळ सोय दिसते. वाक्य संपलं आणि पडद्यावर तोंड अजून हलतंय, तर चिवचिव भरून टाकायची. असं पात्र मला मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

बाकीचे आवाजही बघा. नायक केन इंग्रजीत मार्क झाला, आणि त्याचा आवाज केसी केसमचा. हा म्हणजे 'स्कूबी-डू'मधला शॅगी! एकदा हे कळलं की मार्क गंभीर चेहऱ्याने काही बोलायला लागला तरी मला सँडविच आठवतं.

तोंड हलण्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, 'नुसतं डबिंग'. नुसतं डबिंग असं काही नसतं. जपानी वाक्यरचना बरीचशी मराठीसारखी आहे, क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटी. समजा पात्र म्हणतंय, "या माणसाला मी... ओळखत नाही." चित्रकाराने धक्का बसलेला चेहरा 'नाही'वर काढलेला असतो, कारण ऐकणाऱ्याला नकार तिथे कळतो. इंग्रजीत तो नकार कर्त्याच्या पाठोपाठ येतो. म्हणजे बातमी आधी फुटली, ऐकणारा दोन सेकंदांनी दचकतोय, आणि बोलणाऱ्याचं तोंड अजून चालूच आहे. मग वाक्य उलटंपालटं करा, शेपूट जोडा, नाहीतर भरभर बोला. १९६७ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या 'स्पीड रेसर' या डब केलेल्या जपानी मालिकेत सगळे जण गाडी सुटत असल्यासारखे एका दमात बोलतात, त्याच्या मुळाशी हीच कसरत आहे. तिथे पीटर फर्नांडिस संवाद लिहायचा आणि नायकाचा आवाजही स्वतःच द्यायचा. म्हणजे स्वतः लिहिलेलं स्वतःच निस्तरायचं. (गंमत म्हणजे जपानीतून थेट मराठीत डबिंग केलं तर ही अडचण फारशी येणार नाही. पण आपल्याकडे काम येतं ते इंग्रजी स्क्रिप्टवरून. 'ड्रॅगन बॉल झी'सुद्धा हिंदीत अमेरिकी आवृत्तीवरूनच आलं.)

शब्द कसे बदलले याचं एक उदाहरण मला भारी आवडतं. वेष बदलताना जपानी नायक ओरडतो, "बर्ड, गो!" म्हणजे शब्द मुळातच इंग्रजी. अमेरिकनांनी त्याचं केलं "ट्रान्सम्यूट!"

आता १०५ ऐवजी ८५ एपिसोडांवर कसं भागलं, तर तिथलं गणित आठवड्याला एक एपिसोड असं नव्हतं. शाळा सुटल्यावर सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचं, तर तेरा आठवड्यांना ६५ लागतात. त्याहून कमी असतील तर टीव्ही स्टेशनं हात लावायला तयार नसत. याच गणितापायी १९८५ मध्ये कार्ल मेसेकने 'रोबोटेक' रचलं. ३६ एपिसोडांची जपानी मालिका 'मॅक्रॉस' एकटी पुरेना, म्हणून तिला 'सदर्न क्रॉस' आणि 'मोस्पेडा' या दोन पूर्ण वेगळ्या मालिका जोडल्या. दुसरीतली नायिका पहिलीतल्या जोडप्याची मुलगी ठरवली आणि तिन्हींची मिळून एकाच घराण्याची कथा केली. गंमत अशी की ती कथा चांगली जमली. मृत्यूही त्यात ठेवले होते. १९७८ ची 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' ते १९८५ चं 'रोबोटेक', एवढ्यात वारं किती बदललं ते यातून दिसतं.

मला सगळ्यात जास्त छळतो तो बदल खलनायकाचा. गॅचामनमधला बर्ग कात्से जन्माने जुळा. एक मुलगा, एक मुलगी, दोघांचा मिळून केलेला एक देह. म्हणून तो कधी पुरुष दिसतो, कधी स्त्री, आणि हे रहस्य मालिकेच्या शेवटाकडे उलगडतं. इंग्रजीत तो झाला झोल्टार, आणि त्याचं स्त्रीरूप पडद्यावर आलं की ती त्याची बहीण! शिखंडी आणि बृहन्नडा ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना हे समजावायला दोन वाक्यं पुरली असती. तिथे बहीण आणावी लागली. सतरा वर्षांनी, १९९५ मध्ये, 'सेलर मून' या दुसऱ्या जपानी मालिकेच्या इंग्रजी आवृत्तीत पुन्हा तेच. झॉइसाइट हे पुरुष पात्र एका पुरुषावर प्रेम करतं, तर त्याला सरळ स्त्रीचा आवाज देऊन बाई करून टाकलं. त्याच मालिकेत पहिल्या पर्वाच्या शेवटी मैत्रिणी एकेक करून मरतात. ते शेवटचे दोन एपिसोड कापून एक केला आणि मुली मेल्या नाहीत, कैद झाल्या असं सांगितलं. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये तर नरकातल्या राक्षसांच्या बनियनवर इंग्रजीत 'हेल' लिहिलेलं होतं. तिथे अक्षरं रंगवून 'एच एफ आय एल' केलं आणि त्याचा अर्थ लावला 'होम फॉर इन्फिनिट लूझर्स'. हे ज्याला सुचलं त्याच्यासोबत एकदा चहा प्यायला आवडेल.

गॅचामनच्या शेवटाचं मात्र हसू येत नाही. 'जो' नावाचा तरुण, इंग्रजीतला जेसन, हा पाच जणांतला जळता निखारा. त्याचे आईवडील गॅलॅक्टरचेच होते. शेवटच्या भागात तो मरणाच्या दारात आहे, कात्सेवर पिसाच्या आकाराचं शस्त्र फेकतो, नेम चुकतो. ते पीस जाऊन यंत्राच्या दात्यांत अडकतं आणि पृथ्वी उडवायची उलटी मोजणी शेवटच्या क्षणी थांबते. चुकलेल्या नेमाने जग वाचतं आणि ते त्याला कधी कळत नाही. इंग्रजीतला जेसन मरतच नाही. झार्कला इथे काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

मूळ गोष्टीशी इमान राखलं की सगळं सुधारतं, असंही समजू नका. १९८६ च्या सुमारास टर्नर कंपनीने याच एपिसोडांचं नव्याने डबिंग करून घेतलं, 'जी-फोर्स' नावाने. काम फ्रेड लॅडकडे होतं. हाच माणूस १९६३ मध्ये 'ॲस्ट्रो बॉय' अमेरिकेत घेऊन आला होता. झार्क गेला, गोष्ट पृथ्वीवर परतली, कापाकापी कमी झाली. पण नायकाचं नाव ठेवलं 'एस गुडहार्ट', आणि पार्श्वसंगीताचे तेच ते तुकडे इतके दळले की मालिकेत जीव उरला नाही. झार्कवाल्या आवृत्तीत निदान हॉइट कर्टिनचं दणदणीत संगीत होतं. मी पहिलीच आवृत्ती पुन्हा पाहीन, दुसरी नाही.

सगळे १०५ भाग न कापता इंग्रजीत यायला २००५ उजाडलं. तेव्हा एडीव्ही या कंपनीने डीव्हीडी काढल्या.

तुम्हाला स्वतः तपासून बघायचं असेल तर 'टर्टल किंग' आणि 'स्पेस टेरापिन' हे दोन एपिसोड शेजारी शेजारी लावा. इंग्रजीचा आवाज बंद करा आणि झार्क पडद्यावर कधी येतो त्या वेळा वहीत टिपा. मग जपानी भागात त्याच जागी काय होतं ते बघा. मला हे करायला एक रविवार लागला, आणि दुपारी बायकोने विचारलं की कासवाचं एवढं काय बघताय.