‘फाउल’ म्हणजे कोंबडी नव्हे

प्रिय मित्रा,

अनुवादाचा मसुदा वाचला. भाषा छान वाहते आहे, पण बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘आकाशातल्या कोंबड्या’ दिसल्या आणि हसू आवरेना. 1611च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमधला ‘फाउल’ (fowl) म्हणजे कुठलंही पाखरू. तू शब्दकोशातला पहिला अर्थ उचललास. तो आजचा आहे. मजकूर ज्या काळातला, त्या काळचा अर्थ आधी बघत जा.

जुन्या इंग्रजीत पक्ष्याला सरसकट ‘फुगोल’ म्हणत. जर्मन ‘फोगल’ त्याचाच भाऊबंद, आणि तिथे आजही चिमणीपासून गरुडापर्यंत सगळे त्यात बसतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला, शेटलंडमध्ये ‘फुला’ नावाचं बेट आहे. हे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांनी दिलेलं नाव, अर्थ ‘पाखरांचं बेट’. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने कवितेत पक्ष्यांची सभा भरवली, तिच्या नावातही ‘फाउल’च आहे आणि सभेत मान गरुडांचा. तिथे कोंबड्या घातल्यास तर कविताच बसली!

मग ‘बर्ड’ कुठून आला? तो मुळात ‘ब्रिड’, म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. पुढे ‘र’ने जागा बदलली, जशी ‘थ्रिडा’चा ‘थर्ड’ होताना बदलली. हळूहळू हा पिल्लांचा शब्द थोरांनाही लागू झाला आणि ‘फाउल’ बापडा खुराड्यात जाऊन बसला. ‘वॉटरफाउल’सारख्या जोडशब्दांत तेवढा जुना अर्थ टिकून आहे.

आपल्या ‘मृगा’चं हेच झालं. संस्कृतात तो कुठलाही वन्य पशू, म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. मग तो हरणापुरता उरला. गंमत म्हणजे इंग्रजी ‘डिअर’ही आधी कुठलंही जनावर होतं.

तळटीपेत तू ‘बर्ड’ची व्युत्पत्ती ‘ब्रूड’वरून (एका वेळची पिल्लावळ) दिली आहेस, ती काढून टाक. ‘ब्रिड’चा सख्खा नातलग जर्मन, डच, नॉर्स कुठेच सापडत नाही. ‘मूळ अज्ञात’ एवढंच लिही. त्यात कमीपणा नाही, उलट ओढूनताणून जुळवलेली व्युत्पत्ती जाणकाराला लगेच खटकते.

आणि हो, पुढे स्तोत्रांत ‘फाउलर’ भेटेल. त्याला कोंबडीवाला करू नकोस, तो पारधी आहे.